स्नॅगचा तास

दादा, इथल्या मराठी मंडळाचे लोक परवा घरी येऊन गेले. तुझ्यावर एक पान छापायचं आहे म्हणाले. जन्म कुठला, शिक्षण कुठलं, कोणकोणत्या समित्यांवर होतास, सगळं एका कागदावर लिहून द्या. मी म्हटलं, वहिनींना विचारा, मला नीट आठवत नाही. खरं तर सगळं आठवतं. पण मिरजेहून आला, डॉक्टरकी केली, मेडिकल कॉलेजात प्रोफेसर झाला आणि गेला, एवढ्यात तू मावत नाहीस. ते पान वाचून मलाच वाटलं असतं, कोण बुवा हे सद्गृहस्थ. म्हणून हे वेगळं लिहायला बसलोय. कोटेशन आणि साइट रिपोर्ट सोडून मी आयुष्यात काही लिहिलेलं नाही, तेव्हा भाषेला नावं ठेवू नकोस. तशी तू ठेवणारच.

आपल्या घरात थोरला तू, पण दुबईत थोरला मी. हे मी तुला कधी विसरू दिलं नाही. मी साइट सुपरवायझर होतो तेव्हा अल कुसैसच्या एका खोलीत आम्ही पाचजण राहायचो. तिथे तू दोन बॅगा घेऊन उतरलास. एका बॅगेत कपडे असतील असं मला वाटलं होतं. दोन्हीत पुस्तकं. परीक्षा देऊन लायसन्स हातात येईपर्यंत तू माझ्या वरच्या बंकवर झोपलास आणि आठवड्याभरात त्या बिल्डिंगमधला अर्धा मजला संध्याकाळी घसा दाखवायला आमच्या दारात उभा राहायला लागला. तू कोणाला औषध दिलं नाहीस. लायसन्स नाही, असं स्पष्ट सांगायचास. पण प्रत्येकाला बसवून घ्यायचास, कुठल्या गावचा, काय काम करतोस, किती दिवस त्रास आहे, सगळं विचारायचास आणि मग कुठल्या क्लिनिकला जायचं ते सांगायचास. माझा रूममेट म्हणायचा, "तेरा भाई दवा नहीं देता, फिर भी आधा ठीक कर देता है." मला तेव्हा फार भारी वाटायचं. तोंडावर मात्र मी तुला, खोलीचा ओपीडी करू नकोस, असंच म्हणालो.

आणि मग तो घोडेवाला आला. एका सुट्टीत मिरजेच्या रद्दीवाल्याकडून तू एक जाडजूड, कडा कुरतडलेलं इंग्रजी पुस्तक उचलून आणलंस. एकोणिसाव्या शतकातल्या कुणा अमेरिकन डॉक्टरची व्याख्यानं, आणि सुरुवातीला त्याच्या एका विद्यार्थ्याने लिहिलेलं त्याचं चरित्र. त्याचं नाव तू मला कितीदा तरी सांगितलंस, माझ्या जिभेला ते कधी वळलं नाही. मी त्याला घोडेवाला म्हणायला लागलो आणि शेवटी तूही तेच म्हणायला लागलास. माझ्या मते जगात त्याला एवढ्या प्रेमाने ओळखणारी माणसं तीनच असतील. तू, ते चरित्र लिहिणारा विद्यार्थी, आणि नाइलाजाने मी.

नाइलाजाने, कारण तू गाडी वाईट चालवायचास आणि फुजैराला तुला मी न्यायचो. तिथे बंदरावरच्या तेलाच्या टर्मिनलवर बशीर नावाचा एक फोरमन होता. तो पाठदुखी घेऊन तुझ्याकडे आला होता आणि तू स्नायू दुखावलाय म्हणून त्याला गोळ्या देऊन परत पाठवलं होतंस. त्याच्या मणक्याजवळ पू झाला होता. ऑपरेशन झालं, जीव वाचला, पण पायांत ताकद यायला फार महिने गेले. तोपर्यंत दर काही आठवड्यांनी सुट्टीच्या दिवशी तू त्याला बघायला जायचास. पहिल्याच भेटीत तू त्याला तुझं निदान चुकलं होतं हे सांगितलंस. मी दारात उभा होतो. मला वाटलं आता हा माणूस उठून तुझी गचांडी धरतो. बशीरने चहा मागवला आणि म्हणाला, "डाक्टर साब, आपने बोल दिया ना, खलास." तू म्हणालास, "खलास कैसे? तुम चलोगे तब खलास." परतताना मी तुझ्यावर इतका तापलो होतो की वाटेतल्या मसाफी गावापर्यंत बोललो नाही. तू मात्र मजेत खिडकीबाहेरचे डोंगर बघत होतास, आणि मसाफी गेल्यावर घोडेवाल्याची गोष्ट सुरू केलीस.

त्याची सगळी जन्मकुंडली मला त्या रस्त्यावर पाठ झाली. शेतकऱ्याच्या मोठ्या खटल्यातला मुलगा, नांगर सोडून गावच्या डॉक्टरकडे बाटल्या धुवायला राहिला. दोन हिवाळे कॉलेजात व्याख्यानं ऐकली की त्या काळी डॉक्टर होता यायचं, तसा झाला. मग कित्येक वर्षं खोगिराच्या दोन पिशव्यांत औषधं भरून खेड्यापाड्यांतून फिरला, कधीकधी खोगिरावरच झोपला, कारण घोड्याला घरचा रस्ता माहीत होता. पुढे नदीकाठच्या एका शहरात मेडिकल कॉलेज निघालं आणि ह्याला प्रोफेसर म्हणून बोलावलं. तेव्हा विद्यार्थी प्रत्येक प्रोफेसरच्या व्याख्यानांचं वेगळं तिकीट काढायचे, त्यावरच प्रोफेसरचं घर चालायचं. हे ऐकून मी म्हटलं, म्हणजे कमिशनवर. तू हसलास आणि म्हणालास, "हो रे, तुझ्यासारखाच कॉन्ट्रॅक्टर. आणि तरी त्याने काय केलं ऐक."

त्याने केलं ते असं. त्या वेळी तापापासून पोटदुखीपर्यंत सगळ्याला पाऱ्याचं औषध द्यायचे. ह्यानेही वर्षानुवर्षं दिलं. एका नावाड्याची तरणीताठी बायको ताप घेऊन आली. ह्याने तिला ते भरपूर दिलं. तिचे दात हलले, हिरड्या सडल्या, मग जबडा गेला आणि मग ती गेली. घोडेवाला दुसऱ्या आठवड्यात वर्गासमोर उभा राहिला आणि म्हणाला की ताप तिला मारणार नव्हता, माझ्या औषधाने मारलं. पुढे कसं ओळखायचं, कुठे थांबायचं, ते त्याने त्या दिवशी शिकवलं. निम्म्या विद्यार्थ्यांनी पुढच्या वर्षी दुसऱ्या प्रोफेसरची तिकिटं काढली. सहकाऱ्यांनी बोलणं टाकलं. तरी त्याने दर सत्राच्या शेवटी स्वतःच्या चुकांचं एक व्याख्यान ठेवलंच. पुढे त्याचे ते उरलेले विद्यार्थी गावोगाव डॉक्टर झाले आणि त्या भागात पारा देणं हळूहळू बंद झालं. हे सांगताना तुझा आवाज असा व्हायचा की जणू तू त्या वर्गात मागच्या बाकावर होतास.

मी विचारलं, "आणि तो नावाडी?"

"कोण नावाडी?"

"अरे, ज्याची बायको गेली तो. प्रोफेसर वर्गात शूर झाला, ठीक आहे. त्या नावाड्याला कोणी काही विचारलं का? त्याच्या बायकोची कथा पोरांना सांगू का म्हणून?"

तू म्हणालास, "पुस्तकात त्याबद्दल काही नाही."

"नसणारच. पुस्तक डॉक्टरांनी लिहिलंय."

तू परत खिडकीबाहेर बघायला लागलास. मला वाटलं दुखावलास. आपलं हे भांडण पुढे कितीतरी वर्षं चालू राहिलं. मी म्हणायचो, चूक कबूल करणाऱ्याची गोष्ट सगळे सांगतात, ज्याचं नुकसान झालं त्याला काय हवं होतं हे कोणी विचारत नाही. तू म्हणायचास, मग तूच सांग काय हवं असतं. मला सांगता यायचं नाही. मी नुसताच आवाज चढवायचो.

स्नॅग हा शब्द तुला मी दिला, त्याचं श्रेय मी सोडणार नाही. जुमेरा लेक टॉवर्समध्ये एका ऑफिसचं काम मी पूर्ण केलं होतं आणि ताबा देण्याचा दिवस होता. तू जेवायला म्हणून आलास आणि तिथेच अडकलास. क्लायंटचा कन्सल्टंट हातात निळ्या टेपचं बंडल घेऊन फिरत होता. जिथे दोष दिसेल, रंगाचा ओघळ, वाकडी फरशी, घट्ट दार, तिथे टेपचा तुकडा चिकटवत होता. मी त्याच्यामागून, "हबीबी, ये तो कुछ नहीं, कल हो जाएगा" म्हणत पळत होतो. तू लहान मूल सर्कस बघतं तसा बघत होतास.

"ह्याला काय म्हणता रे?"

"स्नॅगिंग. हँडओव्हरच्या आधी करतात."

"आणि टेप नेहमी दुसराच चिकटवतो? स्वतःचा दोष स्वतः कोणी चिकटवत नाही?"

"दादा, मला काय वेड लागलंय?"

पुढच्याच महिन्यात तू कॉलेजात दर गुरुवारी शेवटचा तास सुरू केलास. आधी निळ्या टेपचा तुकडा फाडून स्वतःच्या पांढऱ्या कोटावर चिकटवायचास, मग आपली एक चूक सांगायचास. पहिल्या दिवशी बशीरची पाठ, त्याला विचारून. नियम साधे होते. पेशंटचं नाव घ्यायचं नाही. बोलून झाल्यावर टाळ्या वाजवायच्या नाहीत, सांत्वन करायचं नाही. फक्त प्रश्न विचारायचे, काय दिसलं होतं, काय सुटलं, पुढच्या वेळी काय करायचं. पोरं त्याला स्नॅग अवर म्हणायची. हळूहळू बाकीचे डॉक्टर येऊन बसायला लागले, मग एकेकाने टेप लावली.

मला हे कळलं तेव्हा मी तुझ्या घरी येऊन बोंबललो होतो. डीनने तुला बोलावून घेतलं होतं आणि हे बंद करा, वकिलांच्या हातात कोलीत देताय, असं सांगितलं होतं. वहिनी पोळ्या लाटत होत्या आणि मी तुला झापत होतो, "दादा, इथे व्हिसा कॉलेजचा असतो. नोकरी गेली की घर गेलं, तुझ्या अनीशची शाळा गेली. तुझ्या घोडेवाल्याला व्हिसा नव्हता." तू शांतपणे म्हणालास, "त्याच्याकडे तिकिटं होती. गेलीच ना?" डीन शेवटी एवढ्यावर तयार झाला की दार बंद ठेवायचं आणि फोन बाहेर ठेवायचे. तू जिंकलास. मी वहिनींना म्हटलं, तुम्ही तरी समजवा. वहिनी शाळेत गणित शिकवायच्या. त्या म्हणाल्या, "विलासभावजी, मी पोरांना पायऱ्या दाखवा, पायऱ्या दाखवा म्हणून ओरडते. हेही तेच करतायत."

तर असा तू. आणि आता मला तुझ्याशी भांडायचंय, कारण सगळा राग अजून पोटात तसाच आहे.

तुझा घोडेवाला म्हातारपणी न्यूमोनियाने गेला. तू सांगायचास की अखेरच्या आजारात त्याने जुन्या विद्यार्थ्यांना बोलावलं, सदरा वर केला आणि एकेकाला छातीला कान लावून काय ऐकू येतंय ते सांगायला लावलं. मी म्हणायचो, म्हातारा नाटकी होता. तू म्हणायचास, नाही रे, तो त्याचा शेवटचा तास होता. मग दादा, तू काय केलंस? दोन दिवस पोटात वर जळजळत होतं, घाम येत होता, डावा हात जड झाला होता. हे सगळं वहिनींना माहीत होतं. तू शेरनच्या हॉस्पिटलला गेलास, वहिनी सोबत होत्या. शेरन, तुझी लाडकी विद्यार्थिनी, वसईच्या कुटुंबातली, अल कुसैसमध्येच वाढलेली. तिने खुर्ची ओढून दिली, ज्यूस मागवला. तू म्हणालास ॲसिडिटी आहे, गोळी लिहून दे. ती म्हणाली, "सर, एक ईसीजी करू या का?" तू हसलास, "काय गं, मला शिकवतेस?" वहिनी काहीतरी बोलायला गेल्या तर तू हाताने त्यांना थांबवलंस आणि म्हणालास, हिला काळजी करायची सवय आहे. गोळी घेऊन तू घरी आलास. सकाळी उठला नाहीस. घोडेवाल्याने सदरा वर केला, आणि तू शर्टाचं एक बटण काढलं नाहीस.

शेरन पाचव्या दिवशी घरी आली. दार मी उघडलं. ती आत येऊन बसली नाही, फोटोसमोर उभी राहिली आणि सरळ बोलायला लागली. "काकी, काका, मला तुम्हाला आधी सांगायचंय. सर आले तेव्हा मी ईसीजी केला नाही. दुसरा कुठलाही पेशंट असता तर मी विचारलं पण नसतं, डायरेक्ट नर्सला सांगितलं असतं. सरांना कसं सांगू, शर्ट काढा, झोपा? त्यांनी मला छाती तपासायला शिकवलंय. मी त्यांना पेशंट समजलेच नाही. मी गेस्ट समजले."

अनीश सोफ्यावरून उठला. तुझा मुलगा, तुला माहीतच आहे, रागावला की आणखी हळू बोलतो. "काका, दिस इज निग्लिजन्स. प्लेन अँड सिंपल." मला तर डोळ्यांपुढे काही दिसत नव्हतं. मी तिला काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. ती रडत होती पण खाली बघत नव्हती. वहिनींनी मला थांबवलं आणि तिला एकच विचारलं, "ईसीजीचं मशीन किती लांब होतं गं?"

"बाजूच्या रूममध्ये, काकी."



मग ती म्हणाली, "गुरुवारी मला स्नॅग सांगायचाय. हॉस्पिटलवाले बोलतात, डोंट. लायसन्सचा प्रॉब्लेम होईल. पण मी सांगणार. फक्त तुमची परवानगी पाहिजे. पेशंटला किंवा घरच्यांना विचारल्याशिवाय सांगायचं नाही, हा सरांचा रूल आहे. सर प्रत्येक बॅचला सांगायचे, हा रूल माझ्या भावाने घातलाय. त्याने मला एका नावाड्याबद्दल विचारलं आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं."

दादा, तू मला कधी बोलला नाहीस. इतकी वर्षं मी गाडीत घसा फोडत होतो आणि तू माझं भांडण नियम करून वर्गात लावलंस, माझ्या नावावर. मी आत बेसिनपाशी गेलो आणि तोंडावर पाणी मारत उभा राहिलो. त्या पाण्यात किती पाणी नळाचं होतं सांगता येणार नाही.

बाहेर आलो तेव्हा वहिनी म्हणत होत्या, "परवानगी देते. पण मी येणार." अनीश लगेच म्हणाला, "येस आई, लेट हर टॉक. ऑन रेकॉर्ड." त्याच्या डोक्यात काय चाललंय ते मला कळलं, कारण माझ्याही डोक्यात तेच आलं होतं. चारचौघांत कबूल करतेय, फोनवर घ्यायचं, तक्रारीला जोडायचं, मुलीचं लायसन्स खलास. मी त्याला खाली पार्किंगमध्ये घेऊन गेलो.

तो म्हणाला, "टेल मी ऑनेस्टली काका. तुमच्या साइटवर कोणी मेला असता तर तुम्ही काय केलं असतं?"

"वकिलाला फोन."

"सो?"

"सो काय? मी मी आहे. तुझ्या बापाने फोन केला नसता. तक्रार करायची तर कर अनीश, तुझा हक्क आहे, मी आडवा येणार नाही. समोरच्या दाराने जा, अर्ज दे. पण त्या वर्गात जर फोन बाहेर निघाला ना, तर त्यानंतर तिथे कोणी कधी बोलणार नाही. आणि मग अजून कोणाचा तरी बाप ॲसिडिटीची गोळी घेऊन घरी जाईल."

त्याने लिफ्टचं बटण दाबलं.  वर जाताना लिफ्टमध्ये मला आपल्या भांडणाचं उत्तर सापडलं, आणि ते सांगायला तू नव्हतास. नावाड्याला काय हवं असतं, ते तेव्हा मला कळलं. कारण नावाडी आता मीच झालो होतो. त्याला माफी नंतर चालते. भरपाईही नंतर चालते. त्याला आधी, वर्गाच्या आधी, त्याच्या दारात येऊन कोणीतरी सांगायला हवं असतं. घोडेवाल्याने ते केलं की नाही, पुस्तकात नाही. तुझ्या विद्यार्थिनीने केलं. ह्या एका गोष्टीत ती त्याच्या पुढे गेली, आणि तिला इथवर आणलंस तू. माझ्या भावाने आयुष्यात काय केलं असं मंडळवाल्यांनी पुन्हा विचारलं तर मी एवढंच सांगीन.

काल गुरुवार होता. आम्ही तिघं गेलो. अनीशने गाडीतून उतरताना फोन डॅशबोर्डवर ठेवला. मी बघितलं नाही असं दाखवलं. हॉल भरून पायऱ्यांवर माणसं बसली होती. तुझी पहिली बॅच, आता केस पांढरे झालेली, अबुधाबीहून आली होती. डीन स्वतः दारापाशी फोन गोळा करायला बसला होता. त्याच डीनला मी मनातल्या मनात काय काय शिव्या दिल्या होत्या.

शेरनने टेप लावली आणि सगळं सांगितलं. रडली नाही. तू कुठे बसलास, काय म्हणालास, तिने काय विचारलं, मशीन कुठे होतं, तिच्या मनात काय आलं आणि तिने ते का दाबलं. शेवटी म्हणाली, "मी आदर केला आणि तपासणी केली नाही. दोन्ही करता आलं असतं." टाळ्या नाहीत. सांत्वन नाही. प्रश्न सुरू झाले. सरांना आधी कधी असं झालं होतं का? घाम होता का? ती म्हणाली, "एसी चालू होता. मी बघितलं नाही." एका पांढऱ्या केसांच्या डॉक्टरने विचारलं, तू आग्रह केला असतास तर सर ऐकले असते का? ती म्हणाली, "माहीत नाही. पण तो प्रश्न माझा नाही. मी आग्रह केला नाही, एवढं माझं आहे." तू समोर असतास तर उठून तिच्या पाठीवर थाप मारली असतीस. नियम मोडला असतास.

मग वहिनी उभ्या राहिल्या. आम्हाला कोणाला काही सांगितलं नव्हतं. त्या चालत पुढे गेल्या, टेबलावरचं बंडल उचललं आणि टेपचा तुकडा फाडून पदरावर लावला.  अनीशने माझा हात धरला. खूप वर्षांनी धरला असेल.

त्या इंग्रजीत बोलल्या, मध्येमध्ये हिंदीत, शाळेतल्या आवाजात. आधी विचारलं, मागे ऐकू येतंय का? मग म्हणाल्या, "शेरनने तिचा स्नॅग सांगितला. तुमच्या सरांचाही एक आहे. ते नाहीत, म्हणून मी सांगते. त्यांनी डॉक्टरला खोटं सांगितलं. घरी मला म्हणाले हात जड झालाय, तिथे म्हणाले ॲसिडिटी. मी बोलायला गेले, तर मला हाताने थांबवलं. आणि मी थांबले. म्हणून ही टेप दोघांची आहे."

 मला वाटलं होतं, तुझी चूक चारचौघांत सांगितली की मला लाज वाटेल. उलट झालं. तुला गुरुस्थानी बसवून, हार घालून, कोणीही घरी गेलं असतं. त्या सगळ्यांनी तुला पेशंटच्या खुर्चीत बसवलं, ज्या खुर्चीत तू त्या दिवशी बसायला तयार नव्हतास. ऊर भरून येणं म्हणजे काय, ते मला तिथे बसून कळलं.

पुढच्या रांगेतल्या एका मुलीने हात वर केला. "मॅम, व्हॉट शुड वी डू नेक्स्ट टाइम?"

वहिनी म्हणाल्या, "पेशंट मोठा माणूस असेल, तुमचा सर असेल, बाप असेल, तर त्याचं ऐकून घ्या आणि मग त्याच्या बायकोला बाहेर बोलवा. एकटीला. तिला विचारा, घरी काय म्हणाले. ती सांगेल. आम्हाला सगळं माहीत असतं, फक्त कोणी विचारत नाही."

मागून एका मुलाने विचारलं, "अँड इफ द पेशंट गेट्स अँग्री?"

"होने दो," वहिनी म्हणाल्या. "गुस्सा करनेवाला आदमी जिंदा होता है."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळ्यांनी माना खाली घातल्या आणि लिहून घेतलं. शेरननेही घेतलं. अनीशने माझ्या खिशातून पेन काढून घेतलं आणि त्याच्याकडे कागद नव्हता म्हणून ते हातावर लिहिलं.